ठराव क्रमांक ४

गेले दोन वीकेंड लिहायला जमलं नाही. एक रिलीजमध्ये गेला, दुसरा गावी. आज रविवार आहे, दुसरा चहा झालाय, बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे आणि घरात अजून कुणी काम सांगितलेलं नाही. तेव्हा म्हटलं, वहिनींची गोष्ट लिहून टाकावी. बरेच दिवस डोक्यात घोळतेय. या गोष्टीत मी स्वतः काही फारसा बरा दिसत नाही, बहुतेक म्हणूनच राहून जात होती.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातलं, मानोरा तालुक्यातलं. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "वाशी? नवी मुंबईतलं?" नाही हो, वाशिम. अकोल्याच्या खाली. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला. २०१८ साली देशभरातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित जिल्हे' असं गोड नाव देण्यात आलं. त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यातला एक आमचा. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. मुंबई-नागपूर करणारी मंडळी तासाभरात आमचा जिल्हा ओलांडून पुढे जातात. खिडकीतून सोयाबीन आणि तूर दिसते. असो.

गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. मी तिथेच शिकलो, आता दादाची दोन्ही मुलं तिथेच आहेत. पट ६४, शिक्षक तीन. मुख्याध्यापक सर धरून तीन. गावापासून एक-दीड किलोमीटरवर बंजारा समाजाचा तांडा आहे, तिथली २२ मुलं याच शाळेत येतात.

आमच्या लहानपणी शाळेशी पालकांचा संबंध वर्षातून तीनदा यायचा. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि गुरुजींनी बोलावणं पाठवलं तर. तिसऱ्या वेळी बाबा एकच वाक्य बोलायचे, "चामडी तुमची, हाडं आमची, पण पोरगं शिकवा." हाच आमचा पालक-शिक्षक संघ. पुढे ग्राम शिक्षण समिती वगैरे आली, पण तिच्यात सरपंच आणि गावची मोठी माणसं. ज्यांची पोरं शाळेत आहेत असे लोक तिच्यात असलेच पाहिजेत, असं काही कुणाला वाटलं नव्हतं.

२०२३ च्या जुलैत शाळा व्यवस्थापन समिती नवीन करायची होती. दर दोन वर्षांनी करतात. पालकसभा बोलावली. दादाला अध्यक्ष व्हायचं होतं, गावात तशी हवाही होती. पण सर म्हणाले, "या वेळी महिला अध्यक्ष असल्या तर बरं दिसेल." बरं दिसेल! मग दादाने वहिनींचं नाव सुचवलं आणि टाळ्या वाजल्या. वहिनी तेव्हा सभेत नव्हत्याच, घरी भाकरी टाकत होत्या. दादा घरी येऊन म्हणाला, "तुले अध्यक्ष केलं." वहिनी म्हणाल्या, "कायची?"

वहिनी रिसोडकडच्या. बारावी झालेल्या. घरचं, गुरांचं आणि सहा एकर वावराचं निम्मं काम त्यांच्यावर.

पहिलं वर्ष जसं जातं तसंच गेलं. महिन्याला एक विद्यार्थी सभेचं रजिस्टर घेऊन घरी यायचा, दादा बोट ठेवून सांगायचा, "इथं कर." वहिनी सही करायच्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई पहिल्यापासून वाघीण होत्या. नव्हत्या. वर्षभर त्यांनीही सह्या केल्याच.

तर सांगायचा मुद्दा, ऑक्टोबर २०२४. सोयाबीन सोंगणीचे दिवस. रात्री साडेनऊला वहिनींचा फोन. वहिनी मला स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे आधी छातीत धस्स झालं. म्हटलं, आईला काही झालं की काय.

"भाऊजी, रजिस्टर आलं हाय शाळेतून. सही मागून राह्यले."

"मग?"

"मंगळवारी एक तारखेले मीटिंग झाली म्हनते, सकाळी अकराले. तेरा जन हजर. त्यातल्या चार बाया तं माह्यासंग वावरात होत्या."

मी हसलो. खरंच हसलो. आणि म्हणालो, "वहिनी, करून टाका. ती फॉर्मॅलिटी असते."

फोनवर थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "मले वाचता येते ना भाऊजी? मंग वाचल्याबिगर सही कायले करू? अन् वाचलं तं हे चार नंबर खोटं हाय."

रजिस्टरमध्ये चार ठराव होते. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. दुसरा, शालेय पोषण आहाराचा साठा पाहिला, समाधानकारक आहे. तिसरा, संयुक्त शाळा अनुदानाच्या खर्चास मंजुरी. आणि चौथा, गावात व तांड्यावर एकही शाळाबाह्य अथवा स्थलांतरित बालक नाही.

आता तांड्यावरून दरवर्षी दिवाळी झाली की गाड्या लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला ऊसतोडीला जायचं. सोलापूर, कोल्हापूर, कधी थेट कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या आसपास परत. आणि आईबाप गेले की पोरं कुठे राहणार? तीही जातात. जून ते ऑक्टोबर शाळा, मग पाच-सहा महिने उसाच्या फडात, मग उन्हाळ्याची सुट्टी. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ठरावाप्रमाणे मात्र एकही नाही.

"तुम्ही सही करा म्हन्ता का नको म्हन्ता, ते नाई इचारलं मी," वहिनी म्हणाल्या. "या समितीले करता काय येते, तेवढं पाहून सांगा. तुम्ही इंटरनेटवाले."

आता इथे माझं एक गुपित सांगतो. त्याच्या आदल्याच महिन्यात मी पुण्यात अगदी तशीच सही केली होती.

माझी मुलगी खाजगी विनाअनुदानित शाळेत आहे. अशा शाळांना शाळा व्यवस्थापन समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे, त्यात या संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असं लिहिलंय. कल्पना मला फार आवडलेली, कारण व्यवस्थापनाने आपली माणसं भरू नयेत हा हेतू. प्राचार्य अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. बाऊलमधून माझी चिठ्ठी निघाली. आयुष्यात पहिल्यांदा लॉटरी लागली ती ही :-)

या समितीचं मुख्य काम फी. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी समितीपुढे हिशेबासकट ठेवायचा, समितीने तो तपासून मंजूर करायचा किंवा कमी करायचा. आणि एकदा ठरली की दोन वर्षं तीच. कायद्याने पालकाच्या हातात यापेक्षा मोठं हत्यार क्वचितच दिलं असेल. तर त्या मीटिंगमध्ये आमच्यापुढे जाडजूड फाईल ठेवली. समोसे आले. प्रोजेक्टरवर सहा-सात स्लाइड झाल्या. कुणीतरी म्हणालं, "महागाई बघता रीझनेबल आहे." एकीकडे माझा फोन सारखा वाजत होता, प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. फाईल माझ्याकडे आली तशी मी शेवटचं पान उघडलं आणि सही केली. ऑफिसात ज्युनियर पोरांनी दुसऱ्याचा कोड न वाचता अंगठा वर केला की मीच त्यांना झापतो.

वहिनींचा फोन ठेवल्यावर हे आठवलं. झोप काही लागली नाही. मग लॅपटॉप उघडून शिक्षण हक्क कायदा वाचत बसलो. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. नाव सगळ्यांना माहीत, पण चर्चा सगळी खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांची. कलम २१ कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकच, मुख्याध्यापक सचिव. म्हणजे सर अध्यक्षांना रजिस्टर पाठवतात हे बरोबर आहे, पण मीटिंगला बोलावणं पाठवायचं तेही त्यांनीच. सभा महिन्याला एक. काम काय, तर शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग बघणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं. हा आराखडा म्हणजे तीन वर्षांत किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, खोल्या, पाणी, संडास, पैसे किती, हे सगळं. मुलांची नावनोंदणी आणि रोजची हजेरी पाहणं हेही समितीचंच. आणि स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवायचं असेल तर तेही शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालतं. आईबाप फडावर असताना मुलं गावातच राहतील, त्यांना दोन वेळ जेवण आणि झोपायची सोय, अशी ती योजना. ती मागायची तर ठराव लागतो. आणि चौथ्या ठरावात तर लिहिलं होतं, स्थलांतरित बालक एकही नाही. ज्याची गरजच नाही ते कोण देणार?

मी हे सगळं सोप्या मराठीत टाइप करून वहिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सकाळी सव्वापाचला निळ्या टिकल्या आल्या.

दसऱ्याला गावी गेलो. १२ ऑक्टोबरला दसरा, शनिवार. सोनं वाटायला म्हणून शाळेच्या सरांच्या खोलीवर गेलो. खरं तर सरांना चार शब्द सुनवायचे असा बेत होता. पण सरांनी चहा केला आणि स्वतःच विषय काढला. म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात, तुम्हाला कळेल. माझ्याकडे एकाच माहितीचे चार नमुने भरून मागतात. स्थलांतरित मुलं १४ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलासा. सर्वेक्षण का झालं नाही, समुपदेशन केलं का, फोटो पाठवा. शून्य लिहिलं की कुणी विचारत नाही. दोन शिक्षक आणि मी, पाच वर्ग. मी शिकवू कधी?" आणि दुसरं, जे ते जरा हळू आवाजात बोलले. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. आमचा पट ६४. फडावर गेलेल्या पोरांनी तिकडच्याच शाळेत नाव घातलं तर इथला तिसरा शिक्षक जाईल. म्हणून पोरं कागदावर इथेच असलेली बरी.

मी गप्प बसलो. डॅशबोर्ड हिरवा ठेवायचा मोह मला समजावून सांगायची गरज नाही. माझी बारा वर्षं त्यातच गेली. सर वाईट नाहीत. अनुदानाची बिलं वहिनींनी नंतर मागितली, त्यांच्या शाळेच्या पटाला वर्षाला २५ हजार असतात, तर खडू-फळ्यापासून विजेच्या बिलापर्यंत रुपयाला रुपया जुळला. पोषण आहाराचे तांदूळही रजिस्टरप्रमाणे होते. खोटी होती ती फक्त सभा. आणि ती खोटी का, याचं कारण फार साधं निघालं. सकाळी अकराला कोण येणार? सोंगणीच्या दिवसांत एका बाईचा रोज बुडवून? सर पाचला मोटरसायकलवर तालुक्याला जातात, बाया वावरातून सहाला येतात. शिक्षकांची वेळ आणि पालकांची वेळ दिवसात कुठे भेटतच नाही. एवढ्यावर अख्खा कायदा अडकलेला.

वहिनींनी सरांना सांगितलं, रविवारी रात्री आठला सभा घ्या. आणि शाळेत नाही, तांड्यावर. सर आधी नको म्हणाले, मग आले. मोटरसायकलवर, स्वेटर घालून, रजिस्टर पिशवीत घेऊन. मला हे फार भावलं. रविवारी रात्री यायचं त्यांना काही बंधन नव्हतं.

मी मागे एका बाजेवर बसलो होतो, प्रेक्षक. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोरची मोकळी जागा, एक पिवळा बल्ब. समितीचे १६ पैकी ११ आले. वहिनींच्या 'पहिले पाऊल'च्या माता गटातल्या बाया सगळ्या आल्या. २०२२ मध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या तयारीसाठी हे आयांचे गट केले होते, मोहीम संपली तरी या बाया एकमेकींकडे जात-येत राहिल्या. बाकी तांड्यावरचे तीस-चाळीस लोक भोवती.

पहिली गोष्ट वहिनींनी विचारली ती ही, की शाळेत तांड्याची २२ पोरं, मग समितीत तांड्याचे पालक किती? एक. आणि तो एक म्हणजे मुकादम. जो उचल देऊन माणसं गाडीत भरतो, तोच शाळेच्या समितीत. मला वाटलं, आता भांडण होणार. पण मुकादमाने खिशातून वही काढली आणि म्हणाला, "यादी माह्याकडं हाय. कोनतं पोरगं जानार, कोनतं राहू शकते, मीच सांगतो." आणि सांगितलं. चौदा नावं, वय, इयत्ता, घरी म्हातारं माणूस आहे का नाही. शाळेकडे नसलेली माहिती त्याच्या वहीत होती, कारण गाडीत जागा किती लागेल ते त्याला बघावं लागतं.

मग चर्चा. बाया आपसात गोरबोलीत बोलायच्या, वहिनींना निम्मं कळायचं, तिथल्याच एक अंगणवाडी मदतनीस मराठीत करून सांगायच्या. आजी-आजोबा आहेत ती पोरं राहू शकतात. पण म्हातारीला स्वतःलाच भाकर थापवत नाही, तर नातवंडांना काय घालणार? दुपारची खिचडी शाळेत. रात्रीचं काय? आजारी पडलं तर कोण नेणार? मुलगी मोठी व्हायला आली असेल तर कोणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न तर कुणी सरळ विचारलाही नाही, नुसतं "पोरीचं तसं नसते" एवढंच म्हटलं गेलं.

एक बाई होती, पंचविशीतली. तिची मुलगी चौथीत. हुशार आहे असं सरच म्हणाले. तिला ठेव म्हणून सगळे समजावत होते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "हिले ठेवलं तं बारक्याले कोन पाहीन? मी मोळी बांधाव का लेकरू पाहाव?" बारका दीड वर्षाचा. कोपीत त्याला सांभाळायला नऊ वर्षांची बहीण. समितीच्या सोळाही जणांकडे याला उत्तर नव्हतं. वहिनीही गप्प झाल्या. मी मोबाइलमध्ये बघत बसलो.

रात्री साडेदहाला ठराव लिहिला. पहिले तीन तेच राहिले, फक्त आता वाचून. चौथा खोडला. एका रेषेने खोडला, शेजारी अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही, आणि खाली नवीन लिहिला. १४ बालके पालकांसोबत स्थलांतर करण्याच्या स्थितीत आहेत, यादी सोबत जोडली आहे, हंगामी वसतिगृह मंजूर व्हावे. सरांचं अक्षर छान आहे. खाली अकरा जणांच्या सह्या, त्यात चार अंगठे.

सोमवारी १४ तारखेला कागद तालुक्याला दिला. मंगळवारी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली!

आता यात कुणाला नावं ठेवायची? निवडणूक झाली, निकाल लागले, तोवर फडात निम्मा ऊस तोडून झाला असेल. कागदाला हंगाम कळत नाही. वसतिगृह त्या वर्षी काही झालं नाही.

मग समितीने जे केलं त्याला योजना वगैरे म्हणता येणार नाही. गावातून धान्य गोळा केलं. ज्वारी, गहू, तुरीची डाळ. दादाने, ज्याला अध्यक्ष व्हायचं होतं, ट्रॅक्टर फिरवला. (अजून दादा "माह्या ट्रॅक्टरनं" असंच सुरू करतो.) तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांच्या अंगणात संध्याकाळचा स्वयंपाक, आळीपाळीने. पोषण आहाराच्या तांदळाला हात लावायचा नाही, हे वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावलं, कारण तो दुपारच्याच जेवणाचा आणि त्याचा हिशेब वेगळा. चौदापैकी नऊ पोरं राहिली. पाच गेली. त्या पाच जणांना शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत ते दाखवून बसता यावं. चौथीतली ती मुलगी त्या पाचात होती.

मीही आपलं योगदान दिलं, म्हणजे पुण्यात बसून एक मस्त शीट बनवली. धान्य किती आलं, किती गेलं, कुणाची पाळी, आपोआप आलेख. वहिनींना लिंक पाठवली. तीन आठवडे ती कुणी उघडली नाही. सहज विचारलं तर म्हणाल्या, "शाळेच्या गेटजवळच्या फळ्यावर लिहितो ना आम्ही." सभेची तारीख, जमा धान्य, खर्च, पाळी, सगळं खडूने. येता-जाता अख्खं गाव वाचतं, मोबाइल असो नसो. वाचता येत नाही त्याला पोरगं वाचून दाखवतं. माझी शीट अजून ड्राइव्हवर आहे, कुणाला हवी असल्यास.

वृत्तपत्रांत अशा शाळांच्या गोष्टी येतात. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी तर जगभर गाजली, लोकांनी जमीन दिली, काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. आमच्याकडे तसं काहीही झालेलं नाही. छत तेच गळकं, मुलींच्या संडासाला पाणी अजून बादलीनेच न्यावं लागतं. नऊ पोरं मार्चपर्यंत शाळेत बसली, एवढंच झालं.

पाडव्याला गाड्या परत आल्या. मी एप्रिलमध्ये गेलो होतो तेव्हा ती मुलगी शाळेत दिसली. हमी कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेलं होतं. एकदाही वापरलेलं नव्हतं. फडापासून शाळा पाच किलोमीटर लांब होती आणि बारका होता. सरांनी तिला फळ्यावरचं वाचायला सांगितलं. ती अडखळली, मग हसली आणि म्हणाली, "सर, मले मोळ्या मोजता येते." वर्ग हसला. सर नाही हसले.

पुण्यातल्या मीटिंगबद्दल एवढंच, की पुढच्या वेळी मी फाईल घरी न्यायला मागितली. प्राचार्य मॅडम जरा चकित झाल्या, पण झेरॉक्स दिली. दोन रविवार लागले. मला त्यातली घसाऱ्याची गणितं धड कळली नाहीत, म्हणून बिल्डिंगमधल्या एका सीए मित्राला पकडलं. तीन प्रश्न लिहून दिले, दोनांची उत्तरं आली. बाकीचे पालक आता मला मीटिंगच्या आधी बघून घड्याळ बघतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने शाळांतल्या बऱ्याच समित्या एकमेकींत विलीन केल्या. सर खूश झाले, रजिस्टरं कमी होणार. जुलैत आमच्या समितीची मुदत संपली. नवीन समितीत तांड्याचे चार पालक आहेत आणि अध्यक्षही तांड्यावरचेच, मुकादम नव्हे, दुसरे. वहिनी आता नुसत्या सदस्य. सभा अजून रात्री आठलाच होते.

परवा वहिनींचा परत फोन आला. या वेळी छातीत धस्स झालं नाही. नवीन अध्यक्ष स्वतःच कोयत्यावर जातात. दिवाळीनंतर तेही गाडीत, सहा महिने कर्नाटकात. त्यांनी सांगून ठेवलंय, सभा व्हिडिओ कॉलवर घेऊ, फडात रात्री रेंज असते.

"ते होईन भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पन रजिस्टरवर सही कशी करायची त्यायनं? सही त्यायचीच लागन ना. नाई तं आपन परत तेच करून राह्यलो."

मी म्हटलं, बघून सांगतो. अजून बघतोच आहे.